आंबेगाव पाण्याखाली, माळीण डोंगराखाली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना वेळेअभावी काही गोष्टी गाळाव्या लागल्या होत्या, त्या इथे घेतल्यात. त्यामुळे एपिसोड ऐकला असेल तरी वाचायला हरकत नाही.

मोबाईल हातात आहेच, तर एक काम करा. नकाशा उघडा, सॅटेलाईटवर टाका आणि पुणे जिल्ह्यातला आंबेगाव तालुका शोधा. नाशिक हायवेवर मंचर दिसेल. ती मोठी बाजारपेठ. मंचरहून पश्चिमेला भीमाशंकरच्या रस्त्याला लागलात की घोडेगाव येतं. तहसील कचेरी तिथे आहे, म्हणजे तालुक्याचं ठिकाण तेच. मग तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव कुठे गेलं? घोडेगावच्या पुढे डोंगरात निळ्या पाण्याचा एक वेडावाकडा पसारा दिसतो बघा, हाताची बोटं फाकल्यासारखा. ते डिंभे धरण. आंबेगाव त्या पाण्याखाली आहे. तालुक्याची पाटी रोज हजारो लोक वाचतात, पण ते गाव नकाशावर नाही. मला हे कळलं तेव्हा कॉलेज संपलं होतं, आणि मी याच जिल्ह्यात वाढलोय.

आज आपल्याला जायचंय त्या पाण्याच्याही वर. आहुप्याकडे जाणाऱ्या खोऱ्यात, बुब्रा नदीच्या काठाला असाणे, आडिवरे, आमडे अशी छोटी छोटी गावं आहेत. त्यांच्यातच माळीण. हे नाव तुम्ही ऐकलं असेल ते ३० जुलै २०१४ मुळे. पण त्या तारखेपासून सुरुवात केली तर काहीच समजत नाही. टीव्हीने तेच केलं, चिखल दाखवला आणि कॅमेरे निघून गेले. म्हणून आपण आधी डोंगर बघू, मग माणसं, आणि मग ती सकाळ.

सह्याद्री हा लाव्हाचा डोंगर आहे हे शाळेत शिकवलेलं असतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर. इंग्रजीत याला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द पायरी अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय, आणि भीमाशंकरच्या बाजूचा कुठलाही कडा लांबून पाहिला की पायऱ्या खरंच दिसतात. पण हे थर सगळे सारखे नसतात. एक थर काळा, घट्ट, घण मारला तरी न फुटणारा. त्याच्या वरचा किंवा खालचा सच्छिद्र, भुसभुशीत, लवकर कुजणारा. मधेच लाल मातीची पट्टी. घट्ट थराचा सरळ कडा होतो, मऊ थराचा उतार होतो. पाणी मऊ थरात मुरतं आणि खालच्या घट्ट थरावर येऊन अडतं. तिथून ते बाजूला सरकतं आणि कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं.

आता पाऊस. कोकणातून वर चढणारे ढग घाटमाथ्याला धडकतात आणि तिथेच रिकामे होतात. भीमाशंकरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून तुम्ही पूर्वेला निघालात तर गाडीने दोन-अडीच तासांत शिरूरला पोहोचता, आणि शिरूरला पडतो जेमतेम पाचशे. एकाच जिल्ह्यात, एकाच घोड नदीच्या वाटेवर. घोड उगम पावते आहुप्याच्या बाजूला, डिंभ्यात अडते, पुढे शिरूरच्या कोरड्या रानातून जाऊन भीमेला मिळते. वरच्या माणसाला पाऊस थांबावा असं वाटतं, खालच्याला यावा असं. या दोघांचा हिशेब पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

अशा खोऱ्यात गाव वसवायचं तर कुठे वसवणार? नदीच्या तळाला नाही, कारण एक तर पूर येतो आणि दुसरं, तीच भाताची जमीन असते, तिच्यावर घर बांधायला कोण तयार होईल? वर कड्याच्या माथ्यावरही नाही. तिथे वारा माणसाला उभं राहू देत नाही आणि उन्हाळ्यात पाणी नसतं. राहतो मधला टप्पा. कड्याच्या पायथ्याशी जो थोडा सौम्य उतार असतो, जिथे माती जाड असते, झाडं असतात, झरा असतो, आणि वरचा डोंगर वाऱ्याला आडोसा देतो. सह्याद्रीत फिरताना बघा, गावंच्या गावं याच टप्प्यावर आहेत. शेकडो वर्षांच्या अनुभवाने निवडलेली जागा आहे ती.

पण हा सौम्य उतार आला कुठून? ती जाड माती कुठली? तर ती वरच्या कड्याचीच. हजारो वर्षं कडा झिजत, सुटत, घरंगळत खाली आला आणि पायथ्याला साचला. दगडगोटे, मुरूम, माती यांचा तो ढीग. म्हणजे जी जागा राहायला सगळ्यात सोयीची, ती मुळात डोंगरानेच खाली टाकलेल्या मालाची बनलेली असते. सगळीकडे ती धोक्याची असते असं नाही. बहुतेक ढीग कधीच स्थिर झालेले असतात, त्यांच्यावर जंगल उभं राहतं, मुळं माती धरून ठेवतात. मला स्वतःला या एका गोष्टीने सह्याद्रीकडे बघण्याची नजर बदलून दिली, म्हणून जरा जास्त वेळ घेतला.

आता माणसं. या खोऱ्यांमध्ये बहुसंख्य वस्ती महादेव कोळ्यांची. जुन्नर, आंबेगाव, खेड, अकोले, तिकडे मुरबाड, शहापूर असा त्यांचा सलग मुलूख आहे. आपण त्याला जिल्ह्यांमध्ये कापलाय, पण सोयरीक आजही घाटाच्या वरून खाली होते. आहुप्याहून पायवाटेने उतरलं की माणूस थेट मुरबाड तालुक्यात पोहोचतो. ओझ्याचे बैल, धान्य, मीठ या वाटांनी जात-येत होतं. घाट राखणं, किल्ल्यांच्या मेटांवर पहारा करणं ही कामं या लोकांकडे असायची. भीमाशंकरच्या देवळापाशी जी मोठी घंटा आहे ती चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून, म्हणजे १७३९ च्या, आलेली म्हणून सांगतात. देवळाच्या शिखराचं काम नाना फडणवीसांच्या नावावर आहे. म्हणजे हा मुलूख आडवाटेला नव्हता. तो आडवाटेला पडला नंतर.

इंग्रज आले आणि दोन गोष्टी बदलल्या. शेतसारा रोख पैशात आणि ठरल्या तारखेला द्यायचा झाला. भात खाऊन जगणाऱ्या माणसाकडे रोख कुठून येणार, म्हणून सावकार आला. राघोजी भांगरे यांचं नाव तुम्हाला माहीत असेल. १८४० च्या दशकात नगर, नाशिक, पुणे, ठाणे या पट्ट्यात त्यांनी सरकार आणि सावकार दोघांनाही जेरीस आणलं. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांच्यानंतर पंचवीसेक वर्षांनी याच आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होन्या केंगले उभा राहिला. १८७३ पासून त्याने सावकारांवर धाडी घातल्या, १८७६ मध्ये तो पकडला गेला. १८७५ चे दख्खनचे दंगे सुपे गावातून सुरू झाले असं आपण पुस्तकात वाचतो, पण डोंगरात तो वणवा त्याआधीच लागलेला होता. होन्याचं नाव पुस्तकात एका ओळीत असतं, असलंच तर.

दुसरी गोष्ट जंगल. डोंगरउतारावर राब जाळून नाचणी, वरई, सावा, खुरासणी घ्यायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जमीन पडीक सोडून दुसरीकडे जायचं, ही इथली जुनी रीत. उताराच्या त्या जमिनीला वरकस म्हणतात. तिला मधे विश्रांती मिळायची. १८७८ च्या वनकायद्यानंतर रिझर्व्ह जंगलांच्या रेषा आखल्या गेल्या आणि ही फिरती शेती आवळत आली. माणसाला ठरावीक तुकड्यावर बांधून घातलं की तो तुकडा दरवर्षी कसावा लागतो. विश्रांती संपली.

स्वातंत्र्यानंतर वरून आणि खालून, दोन्हीकडून जागा कमी झाली. खालून आलं डिंभे धरण. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्यात तेरा टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकखाली गेलेले. नाव योग्यच आहे. पण त्या पाण्याखाली गेली ती खोऱ्यातली तळाची, म्हणजे सगळ्यात चांगली, भातखाचरं. कुणी खाली सिंचनाच्या भागात पुनर्वसनाला गेले, कुणी वर सरकले, पाण्याच्या कडेला, पूर्वी जिथे वरकस पिकायची तिथे. वरून आलं अभयारण्य. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. शेकरू वाचला, देवराया वाचल्या, ते चांगलंच झालं. माझा त्याला विरोध नाही. पण नकाशावर दोन्ही रेषा काढून बघा, वरची हिरवी आणि खालची निळी. मधे किती पट्टी उरते?

त्या पट्टीवर पोट भरण्याचे तीन मार्ग आहेत. पावसाळ्यात भात. उन्हाळ्याच्या तोंडावर हिरडा. आणि उरलेलं वर्ष मजुरी.

हिरडा म्हणजे काय हे शहरातल्या मुलांना त्रिफळा चूर्णाच्या बाटलीमुळे माहीत असतं. आवळा, बेहडा आणि हिरडा. त्यातला बाळहिरडा, म्हणजे पूर्ण वाढायच्या आतच काढलेलं कोवळं फळ, वाळवून विकायचं. खरीपाचं बी-बियाणं, पोरांच्या वह्या, लग्नाचं उधार, सगळं या पैशांवर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर आलं आणि जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याची झाडं आडवी झाली. हिरड्याचं झाड मोठं व्हायला कितीतरी वर्षं लागतात. भरपाईसाठी लोकांना पुढे वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, कारण सरकारी तक्त्यात आंबा-काजू बसतो, जंगलातला हिरडा कुठल्या रकान्यात टाकायचा हेच ठरेना.

मजुरीचं सांगायचं तर कधी भल्या सकाळी नारायणगावच्या स्टँडकडे जा. डोंगरातून आलेली माणसं, जोडपी, पोरीबाळी बोचकी घेऊन उभी असतात. बागायतदार येतात, हजेरी ठरवतात, गाडीत बसवून नेतात. टोमॅटो तोडायला, कांदा लावायला. त्या बागायतीला पाणी कुणाचं? कुकडी प्रकल्पाचं. मघाशी म्हटलं होतं ना, वरच्याचा आणि खालच्याचा हिशेब, तो हा. पाणी कालव्याने खाली जातं आणि ज्यांच्या दारावरून ते वाहत आलं ती माणसं त्याच्या मागोमाग मजुरीला जातात. यात बागायतदाराची चूक काढायची नाहीये मला. पण हे चित्र भूगोलाच्या धड्यात का नसतं, हा प्रश्न पडतो.

राहिला भात, आणि भातासाठी पडकई. हा शब्द नीट ऐका, कारण पुढे याच्यावरच भांडण आहे. उतारावर भात घ्यायचा तर पाणी उभं राहिलं पाहिजे, म्हणजे सपाट खाचर हवं, म्हणजे डोंगर कापून पायऱ्या करायला हव्यात. एका घराच्या बसची गोष्ट नाही. म्हणून आठ-दहा घरं एकत्र येतात. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या, परवा त्याच्या. पहार, कुदळ, फावडं, घमेलं. वरची माती उकरून खाली ओढायची, कडेला दगडांची ताल रचायची. पैसे नाहीत, फक्त जेवण आणि परतफेडीचा शब्द. बाकी महाराष्ट्रात ज्याला इर्जिक किंवा सावड म्हणतात त्याच जातकुळीची ही रीत. एका पिढीत एखादं खाचर तयार व्हायचं. या भागात फिरताना एका आजोबांनी मला त्यांचं खाचर दाखवलं होतं, दोन खोल्यांच्या फ्लॅटएवढं असेल. म्हणाले, “हे माझ्या आज्यानं धरलं, बापानं वाढवलं, मी निस्ता बांध घालतोय.” मी विचारलं, बाबा, बांध दरवर्षी घालावा लागतो? ते हसले. दरवर्षी नाही, म्हणाले, दर पावसात.

पुढे सरकारने या कामाला योजनेचं रूप दिलं, नावही पडकईच ठेवलं. आदिवासी शेतकऱ्याला जमीन सपाट करून मिळावी हा हेतू, आणि त्याची गरज खरीच होती. फरक एवढा पडला की पहारीच्या जागी यंत्र आलं. जे काम एका पिढीत व्हायचं ते एका उन्हाळ्यात व्हायला लागलं.

आता ती सकाळ. २०१४ चा जून जवळपास कोरडा गेला होता. पाऊस आला तो जुलैत, आणि आला तो धो धो. २९ जुलैला, मंगळवारी, एका दिवसात शंभर मिलिमीटरच्या वर पडला. घाटात हा काही विक्रमी आकडा नाही. पण मागचे कितीतरी दिवस जमीन पीत होतीच. बुधवारी, ३० जुलैला, सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला गावावरचा डोंगर सुटला. घरात चुली पेटलेल्या, काही माणसं अजून झोपेतून उठत होती, काही लावणीला निघायच्या तयारीत. काही मिनिटांत गावठाणातली चाळीसहून जास्त घरं दिसेनाशी झाली.

बातमी बाहेर कशी गेली? मोबाईलला रेंज नव्हती. गावाकडे आलेल्या एसटीच्या चालकाला रस्त्यापुढे गावच दिसलं नाही, चिखल दिसला. त्याने मागे फिरून सांगितलं. पुढचा आठवडाभर एनडीआरएफचे जवान, आजूबाजूच्या गावांतले लोक, डॉक्टर, जेसीबीवाले पावसात उकरत राहिले. एक आई आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ ढिगाऱ्यातून जिवंत निघालं. बाकी बहुतेक मृतदेह. १५१. माळीणच्या सगळ्या वाड्या मिळून लोकसंख्या सातशेच्या आसपास होती, म्हणजे पाचातला एक माणूस गेला. गावाच्या कडेची जिल्हा परिषदेची शाळा मात्र उभी राहिली. शाळा भरायच्या वेळेला हे झालं असतं तर, असं त्या दिवसांत खूप जण बोलले. पण मुलं त्या वेळी घरी होती, आणि घरं गाडली गेली होती.

का झालं? इथे मला सावकाश बोलायचंय. मातीचा उतार उभा राहतो तो कणांच्या एकमेकांवरच्या घर्षणाने. पाणी मुरत गेलं की कणांमधल्या जागा भरतात आणि ते पाणी कणांना आतून ढकलायला लागतं. वजन वाढतं, पकड सुटते. ओल्या टेबलावर ठेवलेला ग्लास आपोआप कसा सरकतो, तसं काहीसं. खाली घट्ट खडकाचा तिरका थर असेल तर वरचा सगळा मुरूम त्यावरून एकदम निघतो. हे झालं विज्ञान, यावर वाद नाही.

वाद आहे तो, उतार इतका कमकुवत का होता यावर. काही अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी बोट दाखवलं ते यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे. गावाच्या वरच्या बाजूला पायऱ्या कापल्या, झाडं गेली, पाणी वाहून जायच्या ऐवजी उभं राहून मुरायला लागलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, अशी खाचरं शेकडो गावांत आहेत, तिथले डोंगर नाही आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पाहणी केली आणि एका कारणावर सगळं न टाकता पाऊस, कुजलेला खडक, उतार, निचऱ्याची अवस्था आणि जमिनीचा बदललेला वापर यांच्याकडे एकत्र बघितलं गेलं. मला स्वतःला हेच पटतं. पण ‘आदिवासींनी डोंगर पोखरला’ असं जे काही लोक स्टुडिओत बसून म्हणाले, ते मला तेव्हाही पटलं नाही. ज्या माणसाची तळाची जमीन पाण्याखाली गेली आणि वरची जंगलात गेली, तो उतार कापणार नाही तर काय करणार? पडकईवाल्या आजोबांच्या बांधाला पाणी सोडायला जागा असते, सांडवा असतो, कारण हाताने काम करणाऱ्याला पाण्याची वाट माहीत असते. यंत्र चालवणारा बाहेरचा असतो आणि त्याला तासाचे पैसे मिळतात.

माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ मध्येच दिला होता. त्यावर इतका गदारोळ झाला की कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. माळीणनंतर दोन्ही अहवाल पुन्हा टीव्हीवर आले, महिनाभर.

पुनर्वसनाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. नवी जागा मिळाली शेजारच्या आमड्याला. तोवर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, जवळजवळ तीन वर्षं. २ एप्रिल २०१७ ला नवं माळीण लोकांच्या ताब्यात आलं. ६८ घरं, शाळा, रस्ते, सगळं आखीव. आणि त्याच जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, नव्या गावातले रस्ते खचले, भिंतींच्या कडेची माती सुटली, भरावाला भेगा पडल्या. लोक घाबरून पुन्हा पत्र्याच्या शेडकडे गेले. विचार करा, ज्यांनी एकदा डोंगर येताना पाहिला त्यांच्या पायाखाली तीन वर्षांनी पुन्हा भेग. नंतर दुरुस्त्या झाल्या, निचऱ्याची कामं झाली, वस्ती राहिली. पण नवी जागासुद्धा डोंगर कापून, भराव टाकूनच सपाट केली होती. दुसरी जागा आणणार कुठून? वर हिरवी रेषा आणि खाली निळी.

जुन्या माळीणमध्ये आता १५१ नावांचा स्मृतिस्तंभ आहे, झाडं लावलीत. दरवर्षी ३० जुलैला लोक जमतात. २०२४ मध्ये दहावा स्मृतिदिन होता, आणि त्याच दिवशी पहाटे वायनाडच्या मुंडक्काई आणि चूरलमालाची बातमी आली.

माळीण पहिलं नव्हतं. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई ही गावं दरडीखाली गेली होती. २२ जुलै २०२१ ला महाडमधलंच तळिये, ऐंशीहून अधिक माणसं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इरशाळवाडी, ठाकरांची वस्ती, गाडीरस्ता नाही, बचावपथकं चिखलातून चालत वर गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे विधिमंडळातच सांगितलं गेलं. म्हणजे याद्या होत आहेत, पण त्या झाल्या म्हणून यादीबाहेरच्या गावाने निर्धास्त राहावं असं नाही.

तुमच्यातले बरेच जण पावसाळ्यात या भागात ट्रेकला जाता, काहींची तर गावंच तिकडे आहेत. म्हणून शेवटी हे, आणि हे शेअर केलंत तरी चालेल. डोंगर बहुतेक वेळा आधी सांगतो. वरच्या रानात नवी भेग दिसली, ताल फुगून बाहेर आली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, घराचं दार अचानक अडकायला लागलं, जमिनीला चिरा गेल्या, नितळ झरा गढूळ झाला, किंवा वाहता ओढा भर पावसात एकदम आटला, तर त्या उताराखाली रात्र काढायची नाही. सरपंच, तलाठी, पोलीस पाटील, ज्याचा फोन लागेल त्याला सांगायचं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. रेंज नसेल तर माळीणला त्या एसटीच्या चालकाने केलं तेच करायचं, मागे फिरून रेंजमध्ये येऊन सांगायचं.

पुढच्या भागात इथून उत्तरेला, जुन्नरच्या नाणेघाटात जाऊ. दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख, त्यातले आकडे, आणि घाटमाथ्यावरचं घाटघर. तोवर, भेटू.